घरच्या विजेचा आठवड्याचा अंदाज कसा काढावा



उसाच्या नोंदी घेत सोनारी गटात फिरताना हल्ली उसापेक्षा मीटरविषयीच जास्त विचारणा होते. "साहेब, मोबाईलसारखे आधी पैसे भरायचे मीटर येणार म्हणतात. मग आठवड्याला किती टाकायचे? आणि मधेच संपले तर अंधारात बसायचे का?" प्रश्न रास्त आहे. वीज हा काही माझ्या खात्याचा विषय नाही; पण अंदाज काढणे हा आहे, आणि तो तुमच्याही रोजच्या सवयीचा आहे. म्हणून या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवू.

आधी मीटरची वस्तुस्थिती सांगतो, कारण पारावर वाटेल ते बोलले जाते. २०२१ साली केंद्र सरकारने वीज वितरण सुधारण्याची योजना आणली. घरोघरी आधी पैसे भरण्याचे, म्हणजे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचे असे तीत ठरले होते. बिहार राज्य यात बरेच पुढे गेले. आपल्या राज्यात विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. त्यानंतर महावितरण घरोघरी जे टीओडी मीटर बसवू लागले, त्यांचे बिल पूर्वीसारखे महिना झाल्यावरच येते. ही पद्धत जगाला मात्र नवी नाही. इंग्लंडात एके काळी घरच्या मीटरमध्ये शिलिंगचे नाणे टाकले की तेवढी वीज मिळे. दक्षिण आफ्रिकेत पैसे भरल्यावर वीस आकडी नंबर मिळतो, तो मीटरवर दाबायचा.

मग आपल्याला आठवड्याचा अंदाज कशाला हवा? आपल्या घरचा पैसा उसाच्या बिलाला एकदम येतो, दुधाचा दहा दिवसांनी येतो आणि खर्च मात्र आठवड्याच्या बाजारावर चालतो. विजेचा आकडा महिन्याने कळला तर तोवर वीज वापरून झालेली असते. आठवड्याला कळला तर हात आवरता येतो. उद्या आधी पैसे भरायची वेळ आलीच, तर किती भरायचे हेही याच आकड्यावरून कळेल.

आता मुख्य रीत. उभ्या उसाचा अंदाज आपण कसा काढतो? फडात एक गुंठा आखायचा, त्यातले गाळपालायक ऊस मोजायचे, पाच-दहा ऊस तोडून सरासरी वजन काढायचे. गुंठ्यात हजार ऊस आणि ऊस सरासरी एक किलोचा, म्हणजे गुंठ्याला एक टन. एकराला चाळीस गुंठे, म्हणून चाळीस टन. विजेलाही तसेच. एक आठवडा हा आपला गुंठा समजा. सोमवारी सकाळी चहाच्या वेळेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा, पुढच्या सोमवारी त्याच वेळेला पुन्हा लिहा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे आठवड्याचे युनिट. मीटरवर आकडे पाळीपाळीने बदलतात. ज्याच्याजवळ केडब्ल्यूएच ही इंग्रजी अक्षरे दिसतात तोच आकडा घ्यावा. टिंबाच्या पुढचा आकडा सोडून द्यावा, नाहीतर हिशेब दसपट होतो.

गुंठा निवडताना आपण बांधाकडेचा धरत नाही, कारण तिथला ऊस उजेडाने जास्त फुटलेला असतो. तसाच भैरवनाथाच्या यात्रेचा आठवडा धरू नये. पाहुण्यारावळ्यांनी घर भरलेले, रात्रभर दिवे, दिवसभर पाण्याची मोटार, असा आठवडा वर्षाचा अंदाज देत नाही. साधा आठवडा धरावा, आणि उन्हाळ्याचा वेगळा धरावा.

मीटर पाहायच्या आधीही कागदावर अंदाज काढता येतो. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, एवढेच सूत्र लक्षात ठेवा. आपल्याकडच्या एका मध्यम घराचा रोजचा हिशेब मांडून बघू. नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे पाच तास म्हणजे पाव युनिटालाही थोडे कमी. पंचाहत्तर वॅटचे दोन साधे पंखे आठ तास म्हणजे १.२ युनिट. लहान फ्रीजचे साधारण १.२ युनिट. टीव्ही चार तास, ०.२. हौदात पाणी चढवायची एक हॉर्सपॉवरची मोटार तारेतून जवळपास हजार वॅट ओढते. अर्धा तास चालली की ०.५. मिक्सर दहा मिनिटे, ०.१. आणि दोन जनावरे असतील तर कडबाकुट्टी आलीच. दोन हॉर्सपॉवरची कुट्टी पाव तासात अर्धा युनिट घेते. बेरीज केली तर रोजचे ३.९ युनिट, आठवड्याचे साडेसत्तावीस आणि तीस दिवसांचे ११८.

पुष्कळांना वाटते की वीज मोबाईलचे चार्जर आणि दिवे खातात. बायका-पोरांवर ओरडणे होते ते दिव्यावरून. वरच्या हिशेबात पाचही दिवे मिळून फ्रीजच्या पाचव्या हिश्शाएवढेही होत नाहीत. पंखा, फ्रीज, मोटार आणि पाणी तापवायची कॉइल ही खरी खाणारी तोंडे. दीड हजार वॅटची कॉइल रोज अर्धा तास बादलीत राहिली तर महिन्याला साडेबावीस युनिट जातात. उसाचे पाचट जिथे हाताशी पडलेले आहे तिथे ते न जाळता पसरावे हे आम्ही नेहमी सांगतो, तेव्हा बंबाला पाचट वापरा असे इथे सांगत नाही. पण तुराट्या-पळाट्या तरी आहेतच ना!

आता पैशाकडे येऊ, आणि इथे नीट लक्ष द्यावे. वीज सर्व युनिटांना एका भावाने मिळत नाही. महिन्याचे पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढचे चौथ्या दराने. २०२४-२५ सालचे महावितरणचे घरगुती दर उदाहरणाला घेऊ. पहिल्या शंभराला ४ रुपये ७१ पैसे आणि पुढच्या टप्प्याला १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर वहन आकार १ रुपया १७ पैसे. म्हणजे शंभरावे युनिट ५ रुपये ८८ पैशांना आणि एकशे एकावे ११ रुपये ४६ पैशांना. एका युनिटाच्या फरकाने भाव जवळपास दुप्पट. शिवाय सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर दरवर्षी बदलतात आणि इंधन समायोजन आकारही मागेपुढे होतो, म्हणून आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब करावा.

आपल्या ११८ युनिटांचे काय झाले बघा. शंभराचे ५८८ रुपये, वरच्या अठरांचे २०६, स्थिर आकार १२८. बेरीज ९२२. त्यावर शुल्क १४८. एकूण १०७० रुपये. तीसने भागून सातने गुणले की आठवड्याचे २५० रुपये. प्रीपेड मीटर असते तर या घराने आठवड्याला अडीचशे आणि इंधन आकारासाठी वर थोडे, असे धरायला हवे होते.

इथे एक फसगत आहे. समजा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साडेसत्तावीस युनिट जळाले. ते सगळे खालच्या दरात बसतात, म्हणून नुसत्या युनिटांचे १६२ रुपये होतात. चौथ्या आठवड्यात तेवढीच वीज जळाली, पण त्यातली दहा युनिट शंभराच्या वर गेली. आता २१७ रुपये होतात. टप्पे महिन्याचे असतील तर पहिल्या आठवड्याच्या अनुभवावर पैसे भरणाऱ्याचा पैसा महिनाअखेर पुरणार नाही, आणि तो मीटर पळतो म्हणून तक्रार करील. मीटर पळत नसतो, दर बदललेला असतो. यासाठी आधी महिन्याचा आकडा काढावा आणि मग त्याचे आठवडे पाडावेत. स्थिर आकाराचेही तसेच. आठवड्याला सुमारे तीस रुपये आणि त्यावरचे शुल्क हे घराला कुलूप असले तरी चालूच राहतात. मुलाकडे पुण्याला महिनाभर राहून आलात तरी तेवढे द्यावे लागतात.

आता या लेखातला एकच आकडा भिंतीवर लिहायचा असेल तर २३ लिहा. महिन्याचे शंभर युनिट म्हणजे आठवड्याचे तेवीस. सोमवारच्या वजाबाकीत तेवीसच्या आत असाल तर स्वस्त दरात आहात. वर गेलात तर वरचे प्रत्येक युनिट शुल्कासह सव्वातेरा रुपयांचे आहे. बारीक बचत करायची ती या रेषेपाशीच. वरच्या घराने दोन जुने पंखे काढून तीस वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात आणि ११८ चे ९६ होतात. बिल १०७० वरून ८०३ वर येते, म्हणजे महिन्याला २६७ रुपये वाचतात. पंखा महाग पडतो हे खरे, पण पंखे वर्षातले किती महिने फिरतात ते धरून किंमत किती दिवसांत फिटेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. उलट, याच घरात मार्चमध्ये दोनशे वॅटचा कूलर आला आणि रात्री दहा तास चालला, की महिन्याला साठ युनिट वाढतात आणि ते सगळे वरच्या दराचे, म्हणजे जवळजवळ आठशे रुपये. कूलर लावू नका असे मराठवाड्यात कोण म्हणेल? पण उन्हाळ्याच्या आठवड्याला आणखी १८५ रुपये बाजूला ठेवावे लागतील हे घरात आधी माहीत असावे.

ज्यांच्याकडे टीओडी मीटर बसले आहे त्यांच्यासाठी जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे सवलत ठेवण्यात आली. बिलावर ती रक्कम वेगळी दिसते का ते पाहावे. कुट्टी आणि पाण्याची मोटार रात्री चालवायची सवय असेल तर ती दिवसा आणायला काहीच अडचण नाही.

मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो त्याचाही उपयोग आहे. मीटरवर एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेले असते. पुष्कळ मीटरवर ३२०० असते. घरातले सगळे बंद करून एकटा साधा पंखा लावला तर मिनिटाला चार वेळा लुकलुकेल. हजार वॅटचे उपकरण लावले तर त्रेपन्न वेळा. यावरून कोणते उपकरण किती ओढते ते घरीच ताडता येते. सगळी बटणे बंद, फ्रीजचा प्लगही काढलेला, आणि तरी दिवा लुकलुकतोय, तर कुठेतरी वीज जाते आहे असे समजावे. पहिली शंका जुन्या वायरिंगची घ्यावी. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून गळती होते आणि ती पैशापेक्षा जिवाला वाईट. वायरमनला लगेच बोलवावे.

दुसरी शंका हंगामातली. शेजारच्या रानात ऊसतोड टोळी उतरली की आपण माणुसकीने वायर टाकून एक दिवा देतो. तो द्यावाच. पण कोपीत मागाहून टीव्ही येतो, थंडीत शेगडी येते, आणि जानेवारीचे बिल बघून घरमालक मीटरला शिव्या देतो. टोळी आल्याच्या दिवशी आकडा लिहून ठेवला तर फरक चार दिवसांत कळतो आणि मुकादमाशी गोडीत बोलता येते. मात्र पाचटाच्या कोपीवरून उघडी किंवा जोड दिलेली वायर कधीही नेऊ नये. एका ठिणगीत बिऱ्हाडे जातात.

एक गैरसमज राहिला. "मोटारीचे बिल माफ झाले, मग हे कुठले आले?" असे काही सभासद विचारतात. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे आणि ती साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपाला आहे. घरच्या मीटरचा तिच्याशी संबंध नाही. घराचे बिल थकले तर घराची वीज तुटते.

बिलावरचा चालू रीडिंगचा आकडा आणि कॅलेंडरवरचा त्या आठवड्याचा आकडा जुळवून पाहावा. मोठा फरक असेल तर मीटरचा तारखेसह फोटो काढून उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी; मीटर तपासून मागता येतो. नुसते तोंडी भांडण कामाला येत नाही.

ज्यांना हिशेब जमत नसेल त्यांनी चार सोमवारचे आकडे आणि शेवटचे बिल घेऊन गट कार्यालयात यावे. सकाळी दहाच्या आत आलात तर बरे, त्यानंतर मी आणि स्लिपबॉय दोघेही फडावर असतो. घरातल्या आठवी-नववीच्या मुला-मुलीला सोबत आणावे. पुढच्या महिन्यापासून तेच करतील.

– ऊस विकास अधिकारी