आकाशातले नाव कोणाचे?

आमचे घर धानोरीला, लोहगाव विमानतळापासून फार लांब नाही. डोक्यावरून विमान गेले की वडील हातातली थापी तशीच धरून वर पाहतात आणि विचारतात, “हे कुणाचं रं?” ते गवंडीकाम करतात. विमानात ते कधी बसलेले नाहीत, मीही नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

विमान आणि नियंत्रण मनोरा यांचे बोलणे रेडिओवर चालते. एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलायचे आणि त्या लहरीवरच्या सर्वांनी ऐकायचे, अशी ती रीत. म्हणून प्रत्येक विमान बोलताना आपले संकेतनाम सांगते. आमच्या वर्गात दोन गायकवाड आहेत. हजेरीला नुसते “गायकवाड” म्हटले की दोघेही “हजर” म्हणतात आणि सर वर पाहतात. वर्गात यावर हशा पिकतो. आकाशात एकाला दिलेला हुकूम दुसऱ्याने पाळला तर काय होईल, हे सांगायला नको.

१९५३ सालची हकीकत अशी सांगतात की, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांचे विमान ‘एअर फोर्स ८६१०’ या नावाने उडत होते आणि त्याच भागात ‘ईस्टर्न ८६१०’ हे प्रवासी विमानही होते. दोहोंचा घोटाळा झाला. त्यातूनच ‘एअर फोर्स वन’ हे नाव निघाले. म्हणजे ज्या नावाला आपण मानपान समजतो, त्याचे मूळ हजेरीतल्या गोंधळात आहे!

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हे नाव विमानाचे नसते, ते पदाचे असते. हवाई दलाच्या ज्या विमानात अध्यक्ष बसतील ते ‘एअर फोर्स वन’. २००३ साली बुश नौदलाच्या विमानातून युद्धनौकेवर उतरले, तेव्हा ते झाले ‘नेव्ही वन’. ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा दिलेले निक्सन कॅलिफोर्नियाला निघाले. उड्डाण झाले तेव्हा विमान ‘एअर फोर्स वन’ होते. वाटेत दुपारचे बारा वाजून गेले, तिकडे फोर्ड यांचा शपथविधी झाला आणि वैमानिकाने रेडिओवरून संकेतनाम बदलून घेतले: ‘सॅम २७०००’. विमान तेच, माणूस तोच, खुर्चीही तीच. नाव मात्र मधल्या मध्ये गेले.

ब्रिटनमध्ये १९३६ साली राजासाठी हवाई दलाचे खास पथक निघाले. राजघराण्याच्या विमानांनी पुढे वर्षानुवर्षे ‘किटीहॉक’ हे संकेतनाम वापरले. त्यात ‘राजा’ हा शब्द कोठेच नाही. आपल्याकडे हवाई दलाचे असे पथक १ नोव्हेंबर १९४७ पासून दिल्लीला पालम येथे आहे, आणि प्रजासत्ताक असूनही त्याच्या बोइंग विमानांची नावे राजदूत, राजहंस, राजकमल अशी! परदेश दौऱ्यांसाठी पूर्वी एअर इंडियाची जम्बो विमाने घेत व त्यांना ‘एअर इंडिया वन’ म्हणत. २०२० साली दोन खास बोइंग ७७७ आली. ती हवाई दलाचे वैमानिक चालवतात आणि त्यांना ‘इंडिया वन’ असेही म्हणतात.

आपल्या पुण्याचेही थोडे सांगायला हवे. लोहगावचा नियंत्रण मनोरा हवाई दलाकडे आहे. विमानतळाची आंतरराष्ट्रीय खूण ‘व्हीएपीओ’ अशी असून शेवटचे ‘पीओ’ हे ‘पूना’चे. गावाने नाव बदलले, आकाशाने अजून बदललेले नाही. याच धावपट्टीवरून ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम सुखोई लढाऊ विमानात बसून उडाले आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी जळगावच्या प्रतिभाताई पाटील. दोघेही तिन्ही दलांचे सरसेनापती, पण बसले मागच्या आसनावर. विमान पुढचा वैमानिक चालवीत होता.

पुष्कळांची समजूत असते की मोठे नाव उच्चारले की सारे आकाश मोकळे होते. वस्तुतः राष्ट्रप्रमुखाचे उड्डाण असल्याची नोंद आधी भरून दिलेल्या उड्डाण-आराखड्यात असते. नाव फक्त ओळख पटवते. आणि संकटात सापडलेल्या विमानाने “मेडे” अशी हाक दिली, तर पहिला हक्क त्याचा. मग त्यात कोणीही का बसलेले असेना.

४ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री पंतप्रधान मोरारजी देसाई यांचे ‘पुष्पक’ हे विमान आसामात जोरहाटजवळ कोसळले. मोरारजी वाचले. विमानाचे पाच कर्मचारी मात्र मृत्युमुखी पडले. ही हकीकत मी घरी सांगितली तेव्हा वडिलांनी लगेच विचारले, “चालवणारा कोण व्हता?”

विंग कमांडर क्लॅरन्स डिलिमा, मी सांगितले. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले.