नातीकडे लंडनला निघालात?

आधी बॅगेतले पेढे आणि तूप बाहेर काढा. भारतातून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. डाळ-तांदळाचं ओझंही नको, वेम्ब्लीला नाहीतर हौन्सलोला सगळं मिळतं. न्यायचंच तर थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि घरचा गोडा मसाला न्या. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका. तिथं पाहुण्याला इस्पितळात दाखल केलं की बिल येतं, आणि दुखणं दडवलेलं निघालं तर विमावाले हात वर करतात. व्हीलचेअर मागायला तर मुळीच लाजू नका. तिकीट काढतानाच सांगून ठेवा. तिचे पैसे पडत नाहीत, आणि हीथ्रोवर चालावं बरंच लागतं.

आता नातीच्या घराविषयी. ते भाड्याचं असतं, बहुधा मैत्रिणींबरोबर वाटून घेतलेलं. न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. टबाबाहेर पाणी सांडलं, तर ते खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून ठिबकायचं. म्हणून आंघोळ पडदा टबाच्या आत सोडूनच करायची. स्वयंपाकघराची तऱ्हा निराळी. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला की छताला चिकटवलेलं धुराचा इशारा देणारं यंत्र कर्कश ओरडू लागतं. फोडणीआधी खिडकी उघडा, पंखा लावा, कढई धुरावेपर्यंत तापवू नका. ते यंत्र काढून ठेवायची अक्कल कुणी शिकवली, तर ऐकू नका. आणि नातीची कपाटं लावायला घेऊ नका. तिला तिच्या वस्तू कुठं आहेत ते ठाऊक असतं, आवरल्यावर सापडत नाहीत.

माझं एक खास सांगणं आहे: पहिल्याच आठवड्यात तिच्याशिवाय बसनं फिरायला शिका. आपण तिच्यावाचून अडून बसलो, की ती रजा टाकते. मग ज्या रविवारी सगळ्यांनी मिळून हिंडायचं, त्या दिवशी ती दमलेली असते. दोघांना प्रवासाची दोन ऑयस्टर कार्डं घ्या, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. चढताना एकदा कार्ड टेकवायचं, उतरताना नाही. त्यानंतर तासाभरात कितीही बसगाड्या बदला, पैसे एकदाच कापतात. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्हीकडे कार्ड टेकवावं लागतं, आणि पुष्कळ स्टेशनांवर जिनेच जिने! गुडघे कुरकुरत असतील तर बसच बरी. 24 नंबरची बस हॅम्पस्टेड हीथहून निघते आणि कॅम्डेन, ट्रफाल्गर चौक, पार्लमेंट दाखवत पिम्लिकोला जाते. एवढं दर्शन बसल्या जागी आणि इतकं स्वस्त दुसरं कुणी घडवणार नाही. वरच्या मजल्यावर जायचं असेल तर बस उभी असतानाच चढा.

सगळे मिळून निघाल तेव्हा दिवसाला एकच ठिकाण धरा. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे एका दिवसात ते संपवायची घाईही नको. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं पाहा, चहा घ्या, घरी या. दुसऱ्या एखाद्या दिवशी चॉक फार्मजवळचं 10, किंग हेन्रीज रोड गाठा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना, 1921-22 मध्ये, बाबासाहेब आंबेडकर तिथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये ते घर विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. परक्या शहरात एकट्यानं राहून शिकणं काय असतं, हे नातीसोबत त्या खोल्यांत उभं राहिलं की कळतं. तिलाही विचारा, तू जेवायला कुठं बसतेस, रोज कुठल्या रस्त्यानं जातेस? तो रस्ता तिच्याबरोबर चालून या. माझ्या मते तो राजघराण्याच्या दागिन्यांहून बघण्यासारखा आहे, आणि तिकीट नाही.

जूनमध्ये तिथं रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास. गोळ्या आणि जेवण घड्याळ पाहून घ्या, उजेड पाहून नाही. थंडी सोसत नसेल तर मे ते सप्टेंबरमध्येच जा.

व्हिसा सहा महिन्यांचा असला, तरी तेवढं राहायलाच हवं असं नाही. परतीची तारीख नातीला विचारून ठरवा. तीन आठवडे पुष्कळ झाले.