बी. ए.चे वर्ष फुकट जात नाही



आमच्या भागातील पाड्यावरची एक मुलगी बी. ए.चे पहिले वर्ष पास झाली आणि भातलावणीच्या कामाला घरीच राहिली. “वर्ष फुकट गेले,” वडील म्हणाले. माझाही तसाच समज होता. नियम वाचल्यावर चूक कळली.

बारावी उत्तीर्ण झालेल्यास, शाखा कोणतीही असो, बी. ए.ला प्रवेश मिळतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. इतिहास किंवा समाजशास्त्रासारख्या मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, भाषा, कौशल्य व मूल्यशिक्षणही असते.

पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम झाला, तर शिक्षण थांबले तरी प्रमाणपत्र मिळते. पुढे तीन वर्षांच्या आत परतून, एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते.

हे मी वडिलांना अंगणात बसून बोटांवर मोजून दाखवले. पुढच्या जूनमध्ये त्यांनीच तिला एसटीत बसवून दिले.

तुमच्या मंडळीतही कोणी असे मध्येच थांबले असेल. त्याचे सांत्वन जरूर करा; पण आधी त्याची गुणपत्रिका मागून पाहा.