मंडई आधी की शाळा?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नगरपालिकेची कर्तव्ये दिलेली असतात: पाणी, दिवाबत्ती, रस्ते, शाळा. विद्यार्थी ती पाठ करितात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. परंतु ही सर्व कर्तव्ये एकाच तिजोरीतून पार पाडावयाची असतात व ती तिजोरी नेहमीच अपुरी असते, ही खरी अडचण पाठांतराने उमगत नाही. म्हणून आम्ही येथे पुणे शहरातील एक जुना प्रसंग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरत असे. पावसाळ्यात चिखल व उन्हाळ्यात धूळ, अशा स्थितीत माळणी व बागवान आपला माल मांडून बसत. तेव्हा शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधावी असे नगरपालिकेने योजिले. खर्च सुमारे तीन लाख रुपयांचा होता. त्या काळी एवढी रक्कम म्हणजे काही लहानसहान गोष्ट नव्हे.

ह्या योजनेस विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले हे होते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले हे गृहस्थ १८७६ साली सरकारनियुक्त सभासद म्हणून नगरपालिकेत आले. ते स्वतः माळी समाजातले. भाजी विकणाऱ्यांची हालहवाल त्यांस कोणी सांगावयास नको होती. शिवाय ते बांधकामाची कंत्राटे घेत असत, तेव्हा दगडचुन्याचे त्यांस वावडे होते असेही म्हणता येत नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, गोरगरिबांच्या मुलांस शाळा नसताना हा पैसा आधी शिक्षणावर खर्चावा.

हे म्हणणे किती रास्त होते हे कळण्यास तिजोरी कशी भरत असे ते पाहिले पाहिजे. त्या वेळी पुणे नगरपालिकेचे मुख्य उत्पन्न जकातीचे होते. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात बसे. व्यापारी ती भरी खरा, पण मालाची किंमत वाढवून गिऱ्हाइकाकडून वसूलही करी. म्हणजे ज्या मजुराने नगरपालिकेची पायरी कधी चढली नव्हती, तोही रोजच्या बाजारातून तिला कर देतच होता. सभासद मात्र त्याने निवडलेले नव्हते. त्यातून १८७६ ते १८७८ ह्या वर्षांच्या भयंकर दुष्काळाने दख्खनची रयत नुकतीच पिळून निघाली होती.

धनंजय कीर यांनी लिहिलेल्या फुलेचरित्रात १८८० सालची अशीच एक हकीकत आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सन्मानार्थ एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला असता, बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले व ती रक्कम गरिबांच्या शिक्षणास द्यावी असे सुचविले. पुढे १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही, नगरपालिकांनी आपापल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च सोसावा, अशी सूचना त्यांनी केली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मंडई निरुपयोगी ठरली असे मुळीच नाही. १८८६ साली ती पुरी झाली. मधोमध अष्टकोनी मनोरा व त्याभोवती पसरलेल्या लांब पडव्या अशी तिची रचना असून आजही तेथे भाजी विकली जाते. छपराखाली बाजार असावा हे शहराच्या आरोग्यास हितकरच होय. तरी आमच्या मते, मंडई हवी की नको हा प्रश्नच नव्हता. आधी काय करावयाचे आणि ते कोणास विचारून, हा होता. घरात दिवाणखान्यास रंग द्यावा की मुलाची फी भरावी, हा विचार पालकांस पडतोच; दोन्ही खर्च चांगले असले तरी पैसा एकदाच खर्चता येतो.

जकात २०१३ साली पुण्यातून उठली. २००६ पासून पुणे महानगरपालिका अंदाजपत्रकापूर्वी आपल्या प्रभागातील लहानमोठी कामे सुचविण्याची संधीही नागरिकांस देऊ लागली. जोतीरावांच्या काळी मजुरास अशी सोय नव्हती. मंडईस प्रारंभी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले होते. ते पुढे नगरपालिकेनेच बदलिले, आणि ज्यांनी ह्या खर्चास विरोध केला त्यांच्याच नावाने आज पुणेकर तिला महात्मा फुले मंडई म्हणतात.