दुभत्या गाईचें आंबोण

नीतिसूत्रे १२:१० शिकवितांना आम्ही गोठ्यापासूनच आरंभ करितों. अंबड तालुक्यांत अंतरवाली सराटीकडे मका, तूर, कापूस पिकतात. तेव्हां आंबोण घरींच करितां येतें. १० किलोंत मक्याची वा ज्वारीची भरड ४ किलो, सरकीची पेंड ३, तूरचुनी व गव्हाचा कोंडा मिळून पावणेतीन. बाकी क्षारमिश्रण व थोडें मीठ. भरड जाडसर ठेवावी. पीठ फार गेल्यास पोटांत आम्ल वाढतें व गाय रवंथ सोडते.

भिजून बुरसलेला मका मात्र "जनावरालाच तर घालावयाचा" म्हणून आम्हींही एकदां भरडला होता, हें सांगावयास लाज वाटते. त्या बुरशीचें अफ्लाटॉक्सिन नामक विष दुधांत उतरतें. दूध उकळल्यानेंही तें जात नाहीं, आणि तेंच दूध लेंकरें पितात. पोत्यास कुबट वास आला तर दाणा भरडूं नये, पुरून टाकावा.