कॅप बसवली, आता दात जपा



बपेऱ्यात वस्तीत दात पाहायला बसलो की आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते, "कॅप बसवली बाई, आता त्या दाताची काळजी मिटली." खरे तर काळजी तिथूनच सुरू होते. कॅप किडत नाही, पण तिच्याखालचा दात आपलाच असतो. हिरडीजवळ कॅपची कड संपते. तिथे अन्न साचले की कीड आत शिरते. रूट कॅनल केलेल्या दातात नस उरलेली नसते, म्हणून आतून किडला तरी तो लवकर दुखत नाही. कळते तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. दातही जातो आणि मजुरीतून साठवलेले पैसेही.

पहिला दिवस : सुईची बधिरता दोन-तीन तास राहते. तोवर काही चावू नका, गरम चहा घेऊ नका. २४ तास दुसऱ्या बाजूने मऊ भात-वरण खा. थोडे दिवस ठणकले तर घाबरू नका. पण तोंड मिटताना तोच दात आधी लागत असेल, तर "सवय होईल" म्हणत बसू नका. डॉक्टर थोडे घासून तो बरोबर करून देतात.

कच्ची कॅप : पक्की कॅप तयार होईपर्यंत तात्पुरती बसवतात. ती चिक्की, तिळाच्या लाडवाने सहज निघते. तिच्यावर महिने काढू नका. दिलेल्या तारखेला जा.

रोज : मऊ ब्रश आणि फ्लोराइडच्या पेस्टने सकाळी व झोपताना दोन मिनिटे, हिरडीच्या कडेने घासा. राखुंडी, कोळसा, गुडाखू बंद. दातांच्या फटीत फ्लॉसचा धागा फिरवा. टाचणी, काडी नको.

हे टाळा : ऊस दाताने सोलणे, मटणाची नळी फोडणे, दाताने झाकण उघडणे. आणि खर्रा! त्यातली सुपारी कॅपला तडा देते, तंबाखू हिरडी खराब करतो आणि तोंडाचा कॅन्सर करतो.

कॅप निघाली तर : एका मावशीने निघालेली कॅप दुकानातल्या गोंदाने चिकटवली होती. हिरडी सुजली, शेवटी दात काढावा लागला. तसे करू नका. कॅप धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे न्या. बऱ्याचदा तीच परत बसते.

सूज, पू, घाण वास किंवा कॅप हलणे दिसले तर थांबू नका. तुमसर किंवा भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज पडल्यास नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. दुखत नसले तरी सहा महिन्यांनी तपासून घ्या. नीट जपलेली कॅप दहा-पंधरा वर्षेही टिकते.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी ब्रश करायचा, एवढे आपण ठरवू या.