पगारपत्रकापासून सुरुवात करा

एमबीए किंवा एमएसडब्ल्यू करून नोकरीला लागलेल्या सोलापूरच्या मुलामुलींची पहिल्या सहा महिन्यांतली तक्रार ठरलेली असते. "एचआर म्हणून घेतलं आणि हजेरी भरायला बसवलं." कॉलेजात शिकलेलं प्रेरणेचं शास्त्र आणि नेतृत्वाचे प्रकार कुठेच दिसत नाहीत. समोर असतं मस्टर, ओटीचा तक्ता आणि "साहेब, माझा पीएफ का निघत नाही?" असं विचारणारा माणूस.

ही तक्रार मला समजते, पण पटत नाही. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात भरती, पगार, रजा, अपघात, ठेकेदार, युनियन असं सगळं एकाच टेबलावर येतं. मोठ्या कंपनीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं या टेबलावर मन लावून काढा, आणि सुरुवात पगारापासून करा.

आधी स्वतःचीच पगार स्लिप घ्या आणि संगणकाला हात न लावता ती कागदावर मांडा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000 रुपये असतील, तर 12 टक्क्यांनी कामगाराचा पीएफ 1,440 रुपये होतो. कंपनीही तेवढेच भरते, पण तिच्या हिश्श्यातले 8.33 टक्के, म्हणजे सुमारे 1,000 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि 440 रुपये पीएफ खात्यात उरतात. "माझे इतके कापले, मग कंपनीचे कमी का दिसतात?" हा प्रश्न तुम्हाला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारणारच. त्याचं उत्तर दोन मिनिटांत पासबुकावर बोट ठेवून देता आलं पाहिजे. व्यवसाय कराचंही तसंच. महाराष्ट्रात महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही. गारमेंट युनिटमध्ये 14,000 रुपयांवर काम करणाऱ्या शिलाई कामगार महिलेच्या स्लिपवर 200 रुपये कापलेले दिसले, तर ती चूक तुम्हीच पकडायची आहे. तिच्यासाठी 200 रुपये ही मोठी रक्कम आहे.

आता पीएफ न निघण्याचं कारण. सोलापुरात ते पुष्कळदा नावात सापडतं. तेलुगू घरातल्या माणसाचं नाव आधारवर आडनाव आधी घालून छापलेलं असतं, बँकेत आडनावाचं एकच अक्षर असतं आणि कंपनीत भरती करताना कुणीतरी ते ऐकू आलं तसं मराठी वळणाने लिहिलेलं असतं. कन्नड आणि उर्दू नावांचीही हीच गत. वीस वर्षं काम केलेल्या माणसाचा मुलीच्या लग्नासाठीचा अर्ज एका अक्षरापायी परत येतो. यावर उपाय साधा आहे. नवा माणूस रुजू होतो त्याच दिवशी आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवा, नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळवा, वारसाचं नाव भरून घ्या. जुन्या लोकांसाठी महिन्यातून एक दुपार राखून ठेवा. काही दुरुस्त्या कामगाराला पोर्टलवर स्वतः करता येतात, काहींना कंपनीची मंजुरी लागते. मंजुरीचा अर्ज तुमच्याकडे पडून राहू देऊ नका. या एका कामाने जेवढा विश्वास मिळतो, तेवढा दहा प्रशिक्षण शिबिरांनी मिळत नाही.

टेबलावर बसून मात्र सगळं कळत नाही. आठवड्यातून दोनदा तरी शिफ्ट बदलताना गेटवर आणि खात्यात जा. कोणत्या मशिनवर कोण आहे, कोणाचं सुपरवायझरशी पटत नाही, कॅन्टीनच्या पाण्याची काय अवस्था आहे, हे तिथेच दिसतं. मराठी येतं म्हणून भागेल असं समजू नका. तेलुगू आणि कन्नडमध्ये तब्येतीची विचारपूस आणि रजेचं बोलणं करण्यापुरतं तरी शिका. रजेचं नियोजन शहराच्या पंचांगाने करा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथोत्सव, त्याआधी आषाढी, शिवाय दरवर्षी तारीख बदलणाऱ्या दोन्ही ईद. गैरहजेरी दरवर्षी याच सणांना वाढते, तरी उत्पादनाचा आराखडा करताना ती कोणी धरत नाही. महिनाभर आधी खातेप्रमुखांना याचा तक्ता करून द्या. व्यवस्थापनाला तुमचा उपयोग पहिल्यांदा तिथे कळेल.

शहराचा कामगार इतिहासही वाचा. 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी इथली कापड गिरणी 1949 मध्ये बंद पडली, 1950 च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचं व्यवस्थापन हाती घेतलं आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे इतर गिरण्यांनाही टाळी लागली. तुमच्यासमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या आजोबांनी किंवा वडिलांनी थकलेल्या देण्यांसाठी हेलपाटे घातलेले असू शकतात. तो पीएफचं पुन्हा पुन्हा विचारतो, त्यामागे हे सगळं आहे. त्याला उडवून लावू नका.

कायद्याकडे वळू. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि नव्याने या क्षेत्रात आलेल्यांसाठी ही मोठी संधी आहे. जुन्या जाणत्यांनाही नव्याने शिकावं लागत असताना तुम्ही बरोबरीने सुरुवात करता. सगळं एकदम वाचायला जाल तर कंटाळाल. पगारापासूनच आत शिरा. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. म्हणजे 20,000 पैकी मूळ आणि महागाई भत्ता 8,000 आणि बाकी भत्ते 12,000 असतील, तर वेतन 10,000 धरायचं. आपल्या कंपनीतल्या प्रत्येक श्रेणीला हे लावून पाहा आणि तक्ता साहेबांना दाखवा. राजीनामा दिलेल्या किंवा काढून टाकलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. तुमची सध्याची पद्धत त्यात बसते का ते तपासा. 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिचं कामकाज लिहिण्याची जबाबदारी मागून घ्या. दोन बाजूंचं ऐकून नेमकं टिपण करणं याच खुर्चीत शिकता येतं. कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा जुन्या कारखाना कायद्यात 500 कामगारांची होती, ती आता 250 आहे. एमएसडब्ल्यू झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक अवघड प्रसंग बहुतेकांवर येतो. ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरलेला नसतो किंवा हजेरीचे दिवस कमी दाखवायला सांगितलं जातं. तोंडावर भांडू नका आणि मुकाट्याने सहीही करू नका. ठेकेदाराने चुकवलेली रक्कम मूळ मालकाकडून वसूल होऊ शकते, वर व्याज आणि दंड लागतो, हे आकडे मांडून लेखी टिपण द्या. बरेच मालक आकडे पाहून ऐकतात. तरीही आग्रह कायम राहिला, तर दुसरी नोकरी शोधायला लागा. खोट्या मस्टरवर तुमची सही कुणीही मागितली तरी देऊ नका.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात सांगतो. लेबर लॉज आणि लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा नोकरी सांभाळून करण्याजोगा आहे. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्थेचे अभ्यासक्रमही पाहा. ज्यांच्या नावाने ती आहे, त्या लोखंडेंच्या प्रयत्नांनी 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. एक्सेल मात्र आजच पक्कं करा, पिव्हट टेबलसकट.

पुण्याला जायचं तर जरूर जा, पण पहिल्याच वर्षी फक्त बायोडेटा चाळणाऱ्या भरती एजन्सीत अडकू नका. इथे दोन दिवाळीचे बोनस, एक तपासणी आणि जमलं तर एक वेतन करार पाहून मग निघा. मुलाखतीत "माणसांशी बोलायला आवडतं" हे वाक्य सगळेच म्हणतात. तुम्ही किती लोकांचा पगार करत होता, अडकलेले किती दावे सोडवले, गैरहजेरी कुठून कुठे आणली, हे सांगा. त्यासाठी पहिल्या महिन्यापासून कामाची वही ठेवा. तिच्यात आकडे आणि पद्धती लिहा. कुणाचं नाव, पगार किंवा आधार क्रमांक लिहू नका, आणि कंपनी सोडताना कामगारांची कोणतीही फाइल पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडू नका.